तिसऱ्या मजल्यावर कप वाजतात

१७ फेब्रुवारी, रविवार

आज धुण्याच्या खोलीच्या दारावर माझ्यासाठी चिठ्ठी होती. ठळक, सुट्या अक्षरांत :

‘जो कोणी रविवारी सकाळी पावणेआठला गाडी चालू करतो त्यास : माणसं झोपलेली असतात. — एक भाडेकरू.’

नाव नाही. आमच्याकडे चिठ्ठीला नाव नसतंच. कुणी वाळवणी यंत्राची जाळी साफ केली नाही, कुणी दुसऱ्याच्या वेळेत मशीन लावलं, की दारावर चिठ्ठी लागते आणि वाचणाऱ्याने आपली लाज आपण राखायची. दार कुणी वाजवत नाही. या इमारतीत दार वाजलं तर एकतर आग लागलेली असते, नाहीतर कुणीतरी गेलेलं असतं. मी एकोणीस वर्षं तळमजल्यावर राहतो, आणि दोन्हीपैकी काहीच झालं नाही.

आधी संताप आला. मग ती चिठ्ठी चार वेळा वाचली. मग काढून घरी आणली आणि फ्रिजवर चिकटवली. सोमवारपासून माझं कुणाशी बोलणं झालेलं नाही. दुकानातल्या मुलीला ‘पावती नको’ म्हणालो ते धरलं, तर एकदा. आणि इथे कुणीतरी मला उद्देशून अख्ख्या दोन ओळी लिहिल्या होत्या. म्हणून ही वही काढली. कुठेतरी नोंद असावी.

१९ फेब्रुवारी

उत्तर लावलं : ‘त्यास : सहा सिलिंडरचं जुनं इंजिन आठवड्यातून एकदा फिरवलं नाही तर मरतं. — गाडीवाला.’

चिठ्ठी कुणाची ते मला ठाऊक आहे. तिसऱ्या मजल्यावरचा हालवार्सन. जहाजावर इंजिनं सांभाळायचा, वय ऐंशीच्या पुढे, जिन्यात भेटला तर भिंतीकडे बघत जातो. असली अक्षरं त्याचीच.

त्याच्या समोरच्या दारात इंगेगेर्ड राहते. निळा कोट, सतत खिडकीत. आज जिन्यात म्हणाली, “काय तोर्ड, रविवारी लवकर उठतोस हल्ली?” मी “हं” म्हणालो. बाईला सगळ्यांच्या उठण्याबसण्याची खबर पाहिजे.

२४ फेब्रुवारी, रविवार

मुद्दाम आठला चालू केली. पंधरा मिनिटांचा मान दिला म्हाताऱ्याला. खाली गेलो तर उत्तर तयार :

‘मरणारच आहे. पण तुला वाटतं त्याने नाही. श्वास कोंडलाय तिचा. इथवर ऐकू येतं.’

मी धुण्याची टोपली हातात घेऊन तिथेच उभा राहिलो. कारण हे खरं आहे, आणि मी ते कधीच कुणाला सांगितलेलं नाही. सांगणार कुणाला? गाडी बहात्तर सालची, तीन लिटरची, ताकदीला कमी नाही. पण सहाच्या सहा सिलिंडरांचा धूर एका चिंचोळ्या बिडाच्या खोक्यात घुसतो आणि तिथून एका बारक्या नळीने बाहेर पडतो. भरलेल्या बसमधून सगळे उतारू एकाच दाराने उतरावेत, तसं. गावामागच्या बिलिंगेन डोंगराच्या चढावर टॉप गिअरमध्ये ती कधीच वर पोचली नाही. दर वेळी अर्ध्यावर गिअर उतरवायचा. माय, म्हणजे माझी बायको, तेव्हा शेजारी बसलेली असायची आणि काही बोलायची नाही. न बोलण्यात मात्र ती माझ्या तोडीची नव्हती. अकरा वर्षांपूर्वी जाताना म्हणाली, “तुझ्याशी बोलणं म्हणजे टपालपेटीत तोंड घालून बोलणं आहे, तोर्ड. आत पडतं, पण उत्तर येत नाही.” आता ती योतेबोर्गला एका दातांच्या डॉक्टरबरोबर असते. तो सारखा बोलत असणार, समोरच्याचं तोंड उघडंच असतं.

तेव्हा ठरलं. बिडाचं खोकं काढायचं, सहा सुट्या नळ्यांचा नवा मॅनिफोल्ड बसवायचा, खालून मागपर्यंत धूर बाहेर नेणारं सगळं एक्झॉस्ट मोठं करायचं. आणि यंदा चढ टॉप गिअरमध्ये चढायचा.

९ मार्च

जुन्या मॅनिफोल्डचे दोन बोल्ट तुटले. तीन दिवस गंज सोडवायचं तेल पाजलं, गरम केलं, शिव्या दिल्या. गॅरेजमध्ये उणे चार. बोटं माझी आहेत की पान्याची, कळेना.

संध्याकाळी धुण्याच्या खोलीत इंगेगेर्ड चादरी काढत होती. म्हणाली, “जरा दुसरं टोक धर. एकटीने चादरीची घडी नीट होत नाही. नवरा गेला त्याला सहा वर्षं झाली, मी आपली बोळा करूनच ठेवते.” धरलं. चार चादरी. दर घडीला दोन पावलं पुढे यायचं आणि टोकं तिच्या हातात द्यायची. ती बोलत होती. कारखान्यात एकतीस वर्षं काढली, बाकीच्यांचे कान गेले, आपले राहिले, असं काहीतरी. या गावात निम्मी माणसं इंजिनांच्या कारखान्यातच होती. ही कँटीनमध्ये असणार; तिथे भांड्यांचा आवाजही पुष्कळ असतो म्हणे. मी तुटलेल्या बोल्टांचा विचार करत होतो. छिद्र पाडून उलट्या आट्यांचा स्क्रू घालून काढावेत का?

“तुझे हात बघ किती गार पडलेत,” ती म्हणाली.

मी म्हणालो, “बोल्ट तुटले.”

“मधल्या दोन नळ्यांचे ना? तेच तुटतात,” ती म्हणाली आणि चादरी उचलून गेली.

बरोबर ओळखलं. अंदाजपंचे.

२३ मार्च

झालं! सहा नळ्या, खाली जोड, तिथून मागपर्यंत तीन इंची नळी. आपल्याला आखडतं घेणं माहीत नाही. उद्या रविवार.

२४ मार्च

पावणेआठला चालू केली. काय आवाज! मी गॅरेजमध्ये एकटाच हसत होतो. खरं म्हणजे पहिला विचार हाच आला, की हालवार्सन काय लिहील?

दुपारी पाहिलं : ‘आता श्वास घेते आहे. पण रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलल्यासारखी येते. नळी फार मोठी घेतलीस, आणि सगळ्या नळ्या फार लवकर एकत्र आणल्यास. बिलिंगेनवर कळेल.’

बिलिंगेनवर कळेल म्हणे! मी कधी म्हणालो बिलिंगेन? अर्थात या गावात गाडी कुठे पारखतात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरीही चिडलो. चिठ्ठी मात्र फ्रिजवर लावली. आता तीन झाल्या.

१४ एप्रिल, रविवार

नगरपालिकेने बर्फासाठी रस्त्यावर टाकलेली खडी झाडली, दोन पाऊस पडून मीठही धुतलं गेलं. गुरुवारी गाडीची तपासणी झाली. आज चढावर नेली.

कमी वेगाला दम नाही. ताशी साठने टॉप गिअरमध्ये पाय दाबला तर गाडी नुसती ओरडते आणि जागची हलत नाही. जोर आहे तो सगळा वर, मोटारशर्यतीत लागतो तिथे. अर्ध्या चढावर बसने मला मागे टाकलं. एक नंबरची बस. मी अडतीस वर्षं चालवली ती. डोक्यावर पाटी असायची, ‘चालकाशी बोलू नये’, आणि लोकांनी ती इतकी मनावर घेतली, की मी बस सोडल्यावरही कुणी बोललं नाही. आजचा चालक कुणी नवा होता. त्याने हात केला, मी केला नाही. केला असता तर काय बिघडलं असतं?

घरी येऊन लिहिलं : ‘मान्य. मग किती?’

१६ एप्रिल

‘अडीचच्या वर जाऊ नकोस. पुढच्या तिघांचं एक कुटुंब, मागच्या तिघांचं एक. त्यांना पुष्कळ लांबवर आपापलं चालू दे, मग भेटव. घाईने एकत्र आणलं की एकमेकांच्या तोंडावर धूर सोडतात. शाबास, मान्य केलंस. पुरुषांना जमत नाही.’

शेवटच्या वाक्यावर थोडा अडखळलो. हालवार्सन स्वतः पुरुष आहे. पण म्हातारपणी माणूस स्वतःला त्यातून वगळत असेल.

३० एप्रिल

वसंताची होळी, गावाबाहेरच्या माळावर. दर वर्षी लांब उभा राहतो, यंदा हालवार्सनच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. आभार मानायचे होते. वाक्यही तयार होतं : ‘अडीच इंची मागवली.’ त्याने माझ्याकडे पाहून मान डोलावली. मीही डोलावली. पुष्कळ झालं. मनातल्या मनात मी त्याला आता मित्र म्हणतो, हे इथे लिहून टाकतो. वहीत कुणी हसत नाही.

इंगेगेर्ड थर्मास घेऊन आली. मला कॉफीचा कप दिला आणि शेजारी उभी राहिली. मुलगी वर उत्तरेला ऊमियोला असते, ती कधीची मागे लागली आहे, घर शोधलंय, जिने चढवत नाहीत आता, असं सांगत होती. मग विचारलं, “तुला काय वाटतं, तोर्ड? जावं का?”

मी हालवार्सनकडे बघत होतो. तो निघाला होता आणि माझं वाक्य राहून गेलं होतं. म्हणालो, “मुलगी म्हणते तर जावं.”

“हो ना,” ती म्हणाली. कॉफी कडक होती, चांगली होती. हे तिला सांगायचं राहिलं.

१२ मे, रविवार

अडीच इंची बसली, दोन कुटुंबं लांबवर वेगळी. फरक म्हणजे केवढा! खालून खेचते. पण एका ठरावीक वेगाला कानात भुंगा शिरल्यासारखी घुमते. सीटसुद्धा थरथरते.

चिठ्ठी संध्याकाळीच : ‘मिनिटाला बावीसशे फेऱ्यांना घुमते. तिसऱ्या मजल्यावर कप वाजतात. मधे एक छोटा सायलेन्सर टाक, मागच्या चाकांच्या जरा अलीकडे. जवळ आलायस. लवकर कर.’

लवकर कर! असं मला कितीतरी वर्षांत कुणी म्हणालं नाही. माझ्या कुठल्याही कामाची कुणी वाट बघत नव्हतं.

२५ मे, शनिवार

दिवसभर गाडीखाली. सकाळी एका सामानाच्या ट्रकने गॅरेजसमोरची सगळी जागा अडवली होती, कुणीतरी घर हलवत होतं. सोफा नेणाऱ्यांनी माझ्या डब्याला लाथ मारली, सगळे नट पसरले. डोकं फिरलं.

अकराच्या सुमारास गाडीशेजारी दोन पाय येऊन थांबले. तपकिरी चालण्याचे बूट, नाडी नीट बांधलेली. इंगेगेर्डचा आवाज.

“तोर्ड? चालली आहे मी.”

सायलेन्सर एका हाताने वर धरला होता, दुसऱ्याने पट्टा आवळत होतो. “हं,” म्हणालो.

“होतंय का?”

“होईल आज.”

“मग बरं झालं.” पाय तसेच राहिले. मग म्हणाली, “उद्या चालू करशील ना? रविवारी?”

“पावणेआठला.”

“ऐकायला हवं होतं.” आणखी जरा वेळ उभी होती. “बरं तर. सांभाळ.”

“हं. बरं.”

पाय गेले. पट्टा नीट बसला, एकदाचा.

२६ मे, रविवार

चढली!! टॉप गिअरमध्ये, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, गिअरला हात न लावता, एक शब्द न बोलता. आवाज असा की आत बसून कुजबुजलं तरी ऐकू यावं. वर जाऊन गाडी उभी केली. खाली सगळं गाव दिसत होतं. खूप आनंद झाला आणि मग पाच मिनिटांत तो कुठे ठेवावा ते कळेना. शेजारची सीट रिकामी होती.

घरी येऊन लिहिलं : ‘चढली. टॉपमध्ये.’ दारावर अगदी मधोमध लावली.

२ जून, रविवार

उत्तर नाही. चिठ्ठी तशीच आहे.

९ जून, रविवार

नाही. कुणीतरी माझ्या चिठ्ठीच्या कोपऱ्यावर लिहिलंय : ‘हा मोजा कुणाचा?’

म्हातारा आजारी आहे का? पण परवा जिन्यात दिसला. भिंतीकडे बघत गेला. माझं काही चुकलं का, याचा रात्रंदिवस विचार करतो आहे. आवाज चांगला झाला म्हणून त्याचं माझ्याशी काम संपलं, असंही असेल. तक्रार होती तोवर माणूस होता.

१६ जून, रविवार

आज एक मूर्खपणा केला, तोही लिहितो. काल मधला आणि मागचा, दोन्ही सायलेन्सर काढले. आज बरोबर पावणेआठला उघड्या नळीने गाडी चालू केली आणि पाय दाबून ठेवला. अंगणातली कबुतरं उडाली. भिंती हादरल्या. मी गाडीतून तिसऱ्या मजल्याकडे बघत होतो. एक खिडकी उघडू दे. कुणीतरी मुठी आवळून ओरडू दे.

दोन पडदे हलले. कुणी उघडलं नाही. आपण सगळी सभ्य माणसं आहोत. इंगेगेर्डच्या खिडकीला तर पडदेच नव्हते.

दहा मिनिटांनी बंद केली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसलो.

१७ जून

गृहसंस्थेचं छापील पत्र पेटीत : ‘आवाजाबाबत तक्रार आली असल्यास’ वगैरे. छापील.

मग मी ते केलं जे एकोणीस वर्षांत केलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर गेलो आणि हालवार्सनची घंटा वाजवली. दोनदा, तीनदा. दाराच्या फटीतून आत दिवा लुकलुकताना दिसला, मग दार उघडलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“कोण गेलं?” त्याने विचारलं.

“कुणी नाही. चिठ्ठ्यांबद्दल आलोय.”

“काय?”

“चिठ्ठ्या! गाडीच्या!”

“जोराने बोल, अरे बाबा! सात वर्षं झाली, मला ऐकू येत नाही. घंटेलासुद्धा दिवा जोडलाय.”

मी दाराची चौकट धरली. मग ओरडलो, “काल माझी गाडी ऐकलीस?”

“जमीन हलली तेव्हा वाटलं, भूकंप. ती तुझी गाडी होय?” त्याला हसू आलं. हसताना चांगला दिसतो. मी खिशातून चिठ्ठ्या काढल्या. त्याने चष्मा लावून एकच पाहिली.

“हे तर इंगेगेर्डचं अक्षर. माझ्याशी ती असंच लिहून बोलायची, रोज, पानंच्या पानं. इंजिनांच्या चाचणीखोलीत होती ती. छातीला नळी लावतात ना डॉक्टर, तसं इंजिनाला काठी लावून ऐकायची. ती म्हणेल ते इंजिन पास.” मग माझ्याकडे पाहत म्हणाला, “तुला निरोप द्यायला खाली आली होती ना? मला म्हणाली, गाडीखाली आहे तो, त्याचे पायच दिसले.”

खाली आलो, चिठ्ठ्या परत फ्रिजवर लावल्या आणि समोर बसलो. एकेक वाचत गेलो. प्रत्येक वाक्य तिच्या आवाजात ऐकू यायला लागलं आणि प्रत्येक वेळी मधे मधे माझं ‘हं’. तिने विचारलं होतं, जावं का. मी म्हणालो, जावं. चार महिने मी ज्याची वाट बघत होतो ते माणूस माझ्यासमोर चादरीचं टोक धरून उभं होतं, आणि मी बोल्टांचा विचार केला. गाढव आहे मी. रडलो, हे लिहायला हरकत नाही.

हालवार्सनने तिच्या मुलीकडचा नंबर दिलाय. चार दिवस तो टेबलावर पडून आहे असं लिहावं लागू नये म्हणून आजच करणार.

२१ जून, मध्यग्रीष्माचा सण

चार दिवस टेबलावर पडून होता.

आज इमारत रिकामी. सगळे आपापल्या खेड्यांत, सरोवराकाठी, फुलांच्या खांबाभोवती नाचायला गेलेत. हालवार्सनलाही भाच्याने नेलं. दोन्ही सायलेन्सर मी मंगळवारीच परत बसवले होते. सकाळी गॅरेजमध्ये गेलो, दार उघडलं आणि नंबर फिरवला.

“इंगेगेर्ड,” ती म्हणाली. मागे पोरांचा गोंधळ होता.

“तोर्ड,” मी म्हणालो. “तळमजला.”

मागचा गोंधळ लांब गेला, एक दार बंद झाल्याचा आवाज आला.

“थांब हं,” मी म्हणालो. फोन जमिनीवर ठेवला, मागच्या नळीपासून हातभर अंतरावर, आणि गाडी चालू केली. आधी संथ. मग हळूहळू चढवत बावीसशेवर नेली आणि तिथेच धरली. घुमणं नाही, काही नाही. सहाच्या सहा एका ओळीत. मला सांगायचं होतं ते सगळं त्यात होतं, असं वाटलं. इंजिन चालूच ठेवून खाली उतरलो आणि फोन उचलला.

“ऐकलंस?”

“ऐकलं,” ती म्हणाली. “छान झालंय. इतकं छान मी कारखान्यातही फार वेळा ऐकलं नाही. आता बंद कर ते, तोर्ड, आणि काहीतरी बोल.”

मी चावी फिरवली. एवढ्या मोठ्या अंगणात एकदम काहीच आवाज राहिला नाही. मी फोन कानाला लावून गाडीच्या दारात बसलो. ती वाट बघत होती.

शेवटी म्हणालो, “इथे आज ऊन आहे.”

“बरं,” ती म्हणाली. “आणि?”

आणि काय, ते मला बराच वेळ सांगता आलं नाही. तिने फोन ठेवला नाही.